चियांग माईला राहायला जाताय? आधी तिथला मार्च पाहून घ्या

उत्तर थायलंडमध्ये बिऱ्हाड हलवायचं ठरवणारे बहुतेक लोक नोव्हेंबर ते जानेवारीत तिथे फिरून आलेले असतात. त्या दिवसांत चियांग माई खरोखर मोहात पाडतं. पहाटे पारा १५-१६ अंशांवर येतो, दुपारी स्वच्छ ऊन असतं, पश्चिमेला दोई सुथेपचा हिरवा डोंगर दिसतो आणि ५०-६० बाथमध्ये पोटभर जेवण मिळतं. त्याच भरात वर्षाचा भाडेकरार होतो. मग फेब्रुवारी सरता सरता तो डोंगर दिसेनासा होतो. शहराला लागून असलेला डोंगर धुरामागे जातो आणि पुढचे सहा-आठ आठवडे दारं-खिडक्या बंद करून बसावं लागतं.

म्हणून या लेखात व्हिसा, घर, पैसा, गाडी या सगळ्याचा हिशेब धुराच्या मोसमापासून मांडला आहे. तो मोसम ज्याला झेपतो किंवा टाळता येतो, त्याच्यासाठी उत्तर थायलंडइतकी सुखाची जागा आशियात क्वचितच सापडेल. ज्याला ते शक्य नाही, त्याने बाकीचे फायदे मोजण्यात वेळ घालवू नये.

धूर: कधी, का आणि किती

साधारण फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत, काही वर्षी मेच्या पहिल्या पावसापर्यंत, धूर राहतो. त्याची कारणं तीन, आणि ती एकदम जुळून येतात. डोंगरातल्या कोरड्या पानगळीच्या जंगलात वणवे लागतात किंवा लावले जातात. मक्याची कापणी झाली की उताराच्या शेतात धसकटं जाळतात. आणि शेजारच्या म्यानमार, लाओसमध्येही हेच चालू असल्याने तिकडचा धूर वाऱ्याबरोबर येतो. चियांग माई चारही बाजूंनी डोंगर असलेल्या खोलगट खोऱ्यात आहे. या दिवसांत वारा पडलेला असतो, आणि वरच्या गरम हवेचं झाकण खालच्या थंड हवेवर बसतं. त्यामुळे आलेला धूर बाहेर जातच नाही. चियांग राय, लाम्पांग, माए होंग सोन, पाई, नान यांचीही तीच गत होते. चियांग माई सोडून डोंगरातल्या छोट्या गावात गेलं की सुटका होईल, हा समज चुकीचा आहे. कित्येकदा तिथे आग आणखी जवळ असते.

आकडे समजून घ्या. पीएम २.५ या सूक्ष्म कणांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची २४ तासांची मर्यादा घनमीटरला १५ मायक्रोग्रॅम आहे, तर थायलंडची २०२३ पासून ३७.५. धुराच्या दिवसांत आकडा १०० च्या पुढे जाणं नेहमीचं, आणि फार वाईट दिवशी तो २०० ही ओलांडतो. रोजचा आकडा पाहायला सरकारी ‘एअरफोरथाय’ आणि चियांग माई विद्यापीठाची ‘डस्टबॉय’ ही दोन यंत्रणांची जाळी चांगली आहेत. मोबाइलवर आकडा पाहताना तो मायक्रोग्रॅमचा आहे की हवेच्या निर्देशांकाचा (एक्यूआय), हे आधी पाहा. दोन्हींत बराच फरक असतो आणि नवखे लोक तिथेच घोळ घालतात.

घरात दम्याचा रुग्ण, हृदयविकार असलेले आई-वडील, गर्भवती किंवा लहान बाळ असेल तर यंत्रांवर भिस्त ठेवू नका, त्या दोन महिन्यांसाठी सरळ निघून जा. महाराष्ट्रातल्या माणसाला हे सोयीचंच पडतं. शिमग्याला घरी या, पाडवा करा, आंबे खा आणि सोंगक्रान, म्हणजे १३ ते १५ एप्रिलचं थाई नववर्ष, उलटल्यावर परत जा. फक्त त्या दोन महिन्यांचं तिथलं भाडं आणि जाण्यायेण्याचं विमानभाडं पहिल्या दिवसापासून वार्षिक खर्चात धरा. ‘चियांग माई स्वस्त आहे’ असं सांगणारे हा खर्च सहसा मोजत नाहीत.

राहणारच असाल तर हवा शुद्ध करणारं यंत्र खोलीच्या मापाने घ्या. हिशेब सोपा आहे. ४ बाय ५ मीटरची खोली, उंची २.६ मीटर, म्हणजे ५२ घनमीटर हवा. ती तासाला किमान ५ वेळा गाळली जायला हवी, म्हणजे ताशी २६० घनमीटर. खोक्यावर ‘सीएडीआर’ म्हणून हाच आकडा दिलेला असतो. पण तो पूर्ण वेगाचा आकडा असतो आणि त्या आवाजात कोणी झोपत नाही. म्हणून या खोलीला ४०० च्या आसपासचं यंत्र घ्या आणि मधल्या वेगावर चालवा. जानेवारीतच घ्या. मार्चमध्ये यंत्रं आणि गाळण्या दोन्ही दुकानांतून संपतात. गाळणी दर मोसमाला बदलावी लागते.

यंत्र घेऊनही आकडा उतरत नसेल तर दोष बहुधा फटींचा असतो: सरकत्या काचेच्या खिडकीची मधली फट, दाराखालची जागा, न्हाणीघरातला बाहेर हवा फेकणारा पंखा. फोमच्या पट्ट्या लावा, दाराखाली रबर बसवा. जुनी सागवानी लाकडी घरं फोटोत देखणी दिसतात, पण त्यांच्या फळ्यांमधून धूर सरळ आत येतो. तिथे कोणतंही यंत्र पुरं पडत नाही. बाहेर जाताना एन ९५ मुखपट्टी लावा. कापडी मुखपट्टीचा या कणांवर उपयोग होत नाही.

व्हिसा: कोणता दरवाजा तुमचा

जुलै २०२४ मध्ये थायलंडने भारतीयांसकट ९३ देशांच्या नागरिकांना ६० दिवस व्हिसाशिवाय राहायची मुभा दिली. असे नियम तिथे लवकर बदलतात, म्हणून तिकीट काढण्याआधी मुंबईतल्या थाई वाणिज्य दूतावासाच्या संकेतस्थळावर त्या दिवशीचा नियम वाचा. ही मुभा शहर पाहायला पुरेशी आहे, पण राहायला नाही. दर वेळी सीमेपलीकडे जाऊन परत येत राहिलात तर तिसऱ्या-चौथ्या खेपेला अधिकारी प्रश्न विचारतो, आणि परत पाठवूही शकतो.

भारतातल्या किंवा इतर परदेशी कंपनीचं काम लॅपटॉपवरून करणाऱ्यांसाठी जुलै २०२४ पासून ‘डीटीव्ही’ हा व्हिसा आहे. वय किमान २०, खात्यात ५ लाख बाथइतकी रक्कम आणि कामाचा किंवा थाई पाककला, मुए थाई अशा प्रशिक्षणाचा पुरावा लागतो. व्हिसा ५ वर्षांचा आणि अनेक प्रवेशांचा. प्रत्येक प्रवेशाला १८० दिवस मिळतात. धुरात दोन महिने बाहेर जाणाऱ्याला तो चपखल बसतो, कारण बाहेर गेल्याने काही बिघडत नाही, उलट परतल्यावर नवे १८० दिवस मिळतात. अर्ज थायलंडबाहेरून ऑनलाइन करायचा असतो. नाकारले जाणारे अर्ज बहुधा खात्यात रक्कम नुकतीच येऊन पडल्यामुळे किंवा नोकरीच्या पत्रात ‘परदेशातून काम करायला परवानगी आहे’ असा स्पष्ट उल्लेख नसल्यामुळे अडतात. हे वाक्य कंपनीकडून आधीच लिहून घ्या.

वय ५० पूर्ण असेल तर निवृत्तीचा मार्ग आहे. थाई बँकेत ८ लाख बाथ अर्जाच्या २ महिने आधीपासून पडून असावे लागतात. मुदतवाढ मिळाल्यावर पुढचे ३ महिने ते तसेच ठेवायचे, आणि उरलेल्या काळातही शिल्लक ४ लाखांखाली जाऊ द्यायची नाही. किंवा महिना ६५ हजार बाथचं उत्पन्न दाखवायचं. वर्षाच्या मुदतवाढीचं शुल्क १,९०० बाथ. या व्हिसावर देशाबाहेर पडण्याआधी पुनर्प्रवेशाचा परवाना काढा: एकदाचा १,००० बाथ, अनेकदाचा ३,८००. तो न काढता मार्चमध्ये पुण्याला आलात तर वर्षभराची मुदतवाढ विमानतळावरच संपते आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

निघताना आणि पोहोचल्यावर पुढच्या गोष्टी या क्रमाने करा:

१. थायलंडमध्ये पोहोचण्याआधीच्या ३ दिवसांत ‘टीडीएसी’ हे डिजिटल आगमनपत्र सरकारी संकेतस्थळावर भरा. ते फुकट आहे. पैसे मागणारं संकेतस्थळ खोटं.

२. परदेशी माणूस घरात राहायला आल्याची ‘टीएम ३०’ ही नोंद घरमालकाने २४ तासांत करायची असते. जबाबदारी त्याची, पण ती नसेल तर पुढचं काम अडतं तुमचं. म्हणून अनामत देण्याआधीच विचारा, ‘टीएम ३० करून देणार ना?’ टाळाटाळ दिसली तर ते घर सोडा.

३. सलग ९० दिवस देशात राहिलात की ‘टीएम ४७’ भरून पत्ता कळवा. मुदत ९०व्या दिवसाच्या १५ दिवस आधीपासून ७ दिवस नंतरपर्यंत. पहिल्यांदा स्वतः कार्यालयात जा, पुढच्या खेपा ऑनलाइन होतात. चुकलं तर २,००० बाथ दंड. यातून व्हिसा वाढत नाही, ही फक्त पत्त्याची नोंद आहे. दोन्हींची गल्लत करून मुदत ओलांडणारे दरवर्षी निघतात.

४. मुदतीपेक्षा जास्त राहिल्यास दिवसाला ५०० बाथ, कमाल २०,००० बाथ दंड. ९० दिवसांपेक्षा जास्त झालं तर पुढे प्रवेशबंदी.

कामाबद्दल कायदा कडक आहे. डीटीव्हीवर थाई कंपनीचं किंवा थाई ग्राहकाचं काम करता येत नाही. कामाच्या परवान्याशिवाय योगवर्ग घेणं, मित्राच्या हॉटेलात गल्ल्यावर बसणं, इतकंच काय, संस्थेत फुकट मदत करणंही गुन्ह्यात मोडतं. पर्यटक मार्गदर्शकाचं काम तर फक्त थाई नागरिकांसाठी राखीव आहे.

आपल्या बाजूची एक मोठी सोय म्हणजे चियांग माईत भारताचा वाणिज्य दूतावास आहे. पासपोर्टच्या कामासाठी बँकॉकची खेप वाचते.

घर: पूर, मीटर आणि भिंतीतल्या भेगा

इंटरनेटवर फोटो पाहून वर्षाचा करार करू नका. दोन आठवडे हॉटेलात राहा आणि स्कूटरवरून फिरा. निम्मानहेमिन भागात कॅफे, कामाच्या जागा आणि सगळ्यात चढी भाडी. सांतीथाम त्याला लागूनच, पण स्वस्त आणि जास्त थाई. खंदकाच्या आतलं जुनं शहर चालत फिरायला उत्तम, पण पार्किंगला त्रासाचं. हांग दोंग, सान साय, माए रिम इकडे अंगणाचं घर मिळतं, पण गाडीशिवाय भागत नाही. ढोबळ भाडं असं: साधी एका खोलीची जागा ६ ते १० हजार बाथ, निम्मानमधला बरा फ्लॅट १२ ते २० हजार, हांग दोंगचं दोन-तीन खोल्यांचं घर १५ ते ३० हजार. एक बाथ अडीच ते तीन रुपये धरा. दोन महिन्यांची अनामत आणि एका महिन्याचं भाडं आगाऊ, ही सर्वसाधारण रीत आहे.

करार करण्याची उत्तम वेळ एप्रिलचा शेवट किंवा मे. गर्दी ओसरलेली असते, मालक भाड्यात सूट द्यायला तयार असतात आणि पुढचे कित्येक महिने हवा स्वच्छ मिळते. मे ते ऑक्टोबरच्या पावसाला लोक उगाच घाबरतात. कोकणातला पाऊस पाहिलेल्याला तो हलकाच वाटेल, आणि डोंगर हिरवा असतो तो त्याच काळात.

घर पाहताना विजेचा दर विचारा. सरकारी वीज मंडळाच्या मीटरवर युनिटला ४ ते ५ बाथ पडतात, पण पुष्कळ इमारतींचे मालक स्वतःच्या मीटरवर ७-८ बाथ लावतात. एप्रिलमध्ये पारा ४० वर गेला की एसीचं बिल हाच फरक दाखवतं. नळाचं पाणी पिऊ नका. २० लिटरचा जार घरपोच मिळतो, किंवा रस्त्यावरच्या यंत्रातून लिटरला एक बाथ देऊन भरता येतो.

नदीकाठचं घर असेल तर २०२४ च्या पुराची खूण भिंतीवर कुठवर आहे ते शेजाऱ्याला विचारा. सांगलीकर जसे आयर्विन पुलाची पातळी पाहत बसतात, तसे चियांग माईकर पिंग नदीवरच्या नवरात पुलाजवळची ‘पी १’ पातळी पाहतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये ती ५.३० मीटरवर गेली आणि नाइट बाजार, चांग ख्लान, वाट केट हे भाग पाण्यात गेले. उंच इमारतीत जागा घेणार असाल तर २८ मार्च २०२५ च्या म्यानमारच्या भूकंपानंतर इमारतीची तपासणी झाली का, हे कार्यालयात विचारा आणि जिन्यातल्या भिंती स्वतः पाहा. गिलाव्यातली बारीक भेग किरकोळ असते, खांबातली तिरकी भेग नाही.

जमीन परदेशी माणसाच्या नावावर होत नाही. इमारतीतला फ्लॅट होतो, पण इमारतीच्या एकूण क्षेत्रफळाच्या ४९ टक्क्यांपर्यंतच परदेशी मालकी चालते, आणि पैसे परकीय चलनात बाहेरून आल्याचा बँकेचा दाखला लागतो. थाई मित्राच्या नावावर जमीन घेण्याचा सल्ला कोणी दिला तर तिथून उठून या. तशी मालकी बेकायदा आहे आणि वाद झाला तर हातात काहीच राहत नाही.

पैसा आणि कर

भारतीय कार्डाने एटीएममधून काढलेल्या प्रत्येक खेपेला तिथली बँक २२० ते २५० बाथ कापते, वर आपल्या बँकेचं शुल्क वेगळं. एकदम मोठी रक्कम काढा. पर्यटक म्हणून खातं उघडणं कठीण झालं आहे. लांब मुदतीचा व्हिसा, भाडेकरार आणि राहण्याचा दाखला घेऊन जा. एका शाखेने नाही म्हटलं तर त्याच बँकेच्या दुसऱ्या शाखेत विचारा, निर्णय बराचसा शाखेच्या हाती असतो. खातं झालं की ‘प्रॉम्प्टपे’चा क्यूआर आपल्या यूपीआयसारखा भाजीवाल्यापासून सगळीकडे चालतो.

भारतातून पैसे पाठवताना वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे. एप्रिल २०२५ पासून आर्थिक वर्षात १० लाख रुपयांपुढच्या रकमेवर बँक टीसीएस हा आगाऊ कर कापते. तो विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर पैसे अडकतात. निवृत्तीच्या व्हिसासाठी ८ लाख बाथ एकदम पाठवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवून रक्कम मार्च आणि एप्रिल अशा दोन आर्थिक वर्षांत विभागावी.

एका कॅलेंडर वर्षात १८० दिवस थायलंडमध्ये भरले की तुम्ही तिथले करदाते ठरता. १ जानेवारी २०२४ पासून मिळवलेलं परदेशी उत्पन्न थायलंडमध्ये आणलं तर ते करपात्र धरतात. त्याआधीच्या बचतीला हा नियम नाही. म्हणून ३१ डिसेंबर २०२३ चं खात्याचं उतारापत्रक जपून ठेवा. भारताशी दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार आहे, पण त्याचा फायदा कागदपत्रं दाखवूनच मिळतो. दोन्ही देशांतले राहण्याचे दिवस एका वहीत लिहीत जा.

स्कूटर आणि दवाखाना

इथे सर्वात जास्त माणसं आणि पैसे जातात. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून, त्यामुळे भारतीय माणूस दुसऱ्याच दिवशी स्कूटर भाड्याने घेतो. महिन्याला तीन हजार बाथच्या आसपास मिळते आणि दुकानदार परवाना पाहतही नाही. अपघात झाला की विमा कंपनी मात्र पाहते. आंतरराष्ट्रीय परवान्यावर दुचाकीच्या रकान्यात शिक्का नसेल तर आरोग्य विमाही हात वर करतो. गाडीचा सक्तीचा विमा चूक कोणाची हे न पाहता उपचाराला ३० हजार बाथपर्यंतच देतो. खासगी रुग्णालयात हाड मोडल्याच्या शस्त्रक्रियेला ते कुठेच पुरत नाहीत. निघण्याआधी आरटीओतून मोटरसायकलसकट आंतरराष्ट्रीय परवाना काढा. लांब राहणार असाल तर हांग दोंग रस्त्यावरच्या परिवहन कार्यालयातून थाई परवाना घ्या. पहिला २ वर्षांचा मिळतो, पुढचा ५ वर्षांचा.

स्कूटर नको असेल तर लाल सोंगथाव, म्हणजे मागे समोरासमोर दोन बाकं असलेली गाडी, हात दाखवून थांबवा. शहरात माणशी ३०-४० बाथ. बसण्याआधी ठिकाण सांगा.

वैद्यकीय सेवा हा उत्तरेचा मोठा फायदा आहे. विद्यापीठाचं महाराज नखॉन रुग्णालय, ज्याला सगळे ‘सुआन दोक’ म्हणतात, दर्जेदार आणि स्वस्त आहे, पण तिथे रांगेत पहाटेपासून बसावं लागतं. खासगी रुग्णालयांत इंग्रजी चालतं आणि त्याची किंमत बिलात दिसते. भारतातली आरोग्य विम्याची पॉलिसी बहुधा परदेशात चालत नाही, नियमावली वाचूनच निघा. कुत्रा चावला तर जखम साबणाने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा. रुग्णवाहिका १६६९, पोलीस १९१, पर्यटक पोलीस ११५५.

जेवण, भाषा, माणसं

शाकाहाऱ्याने ‘भाजी आहे का’ असं विचारून उपयोग नाही. भाजीतही नाम प्ला, म्हणजे माशाचं आंबवलेलं पाणी, आणि शिंपल्याचं सॉस असतं. ‘जे’ हा एक शब्द शिका. पिवळ्या फलकावर लाल अक्षरात तो लिहिलेला असतो. ‘जे’ जेवणात मांस, मासे, अंडी, दूध नाहीच, शिवाय कांदा-लसूणही वर्ज्य. जैन कुटुंबांना यामुळे बराच आधार मिळतो, फक्त गाजर-मुळा चालतो का ते आपलं आपण पाहावं. तूरडाळ, कणीक, हिंग भारतीय मालाच्या दुकानांतच मिळतात, तेही चढ्या भावाने. मूग, नारळ, कोथिंबीर, मिरच्या, लिंबं वरोरोत बाजारात हवी तितकी.

लिपी पहिल्या महिन्यात शिकायला घ्या. ती ब्राह्मीतूनच आली आहे, आणि अक्षरांचा क्रम आपल्याच क-वर्ग, च-वर्गाचा आहे. शब्दही ओळखीचे निघतात: आहार ‘आहान’ होतो, भाषा ‘फासा’, नगर ‘नखॉन’, विद्यालय ‘वित्थयालाय’. खरी अडचण पाच सुरांची, म्हणजे उच्चारातल्या चढउतारांची. ‘खाव’ एका चढात भात, दुसऱ्यात पांढरा, तिसऱ्यात बातमी. म्हणून पुस्तकापेक्षा माणसासमोर बसून शिका. बाजारात म्हाताऱ्या बायका ‘खम मुआंग’ ही उत्तरेची बोली बोलतील, ती कळली नाही तरी गोंधळू नका.

कागदपत्रांवर बौद्ध संवत असतो, आपल्या सनात ५४३ मिळवलेला. २०२६ म्हणजे २५६९. दुधाच्या पिशवीवर ‘६९’ दिसलं तर ते २०२६ आहे. करारावर सही करताना तारीख याच हिशेबाने तपासा.

राजघराण्याविषयी जाहीर किंवा समाजमाध्यमांवर वेडंवाकडं काही लिहू नका. कलम ११२ खाली एका गुन्ह्याला ३ ते १५ वर्षं कैद आहे आणि परदेशी माणसालाही ती लागू होते. सकाळी ८ आणि संध्याकाळी ६ ला सार्वजनिक जागी राष्ट्रगीत वाजलं की उभे राहा.

स्थानिकांशी ओळख व्हायला आपल्याकडे एक तयार धागा आहे. गणपतीला तिथे ‘फ्रा फिकानेत’ म्हणतात आणि मनापासून पूजतात. दोई लो भागात गणेशमूर्तींचं एक संग्रहालयही आहे. भाद्रपदात घरी मूर्ती बसवलीत तर शेजारी फुलं घेऊन येतात. त्यांच्यासाठी प्रसाद जास्तच करून ठेवा.

सामानात काय घ्यावं

प्रेशर कुकर, मसाले, हिंग, पहिल्या महिन्यापुरती तूरडाळ. भारतीय दोन गोल पिनांचा प्लग तिथे बहुधा बसतो, तीन पिनांचा बसत नाही, त्यासाठी दोन-तीन अडॅप्टर. जन्म, विवाह आणि शिक्षणाचे दाखले, त्यातले लागणारे परराष्ट्र खात्याकडून साक्षांकित करून. नेहमीची औषधं डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह, आणि त्यात कोडीन किंवा ट्रॅमाडॉल असेल तर निघण्याआधी थाई नियम पाहून. जाड गोधडी लागत नाही, पण डिसेंबरच्या पहाटे स्कूटरवर स्वेटर लागतो. मोठ्यांपैकी कुणाला दमा असेल तर पहिल्या खेपेला त्यांना सोबत नेऊ नका. तुम्ही एकटे मार्चमध्ये तीन आठवडे राहून या, आणि घर त्यांच्यासाठी मेमध्ये शोधा.